इनासभाऊचं चार खोल्यांचं गानं

इनासभाऊ वाजवता वाजवता मधीच थांबायचा. बाजा, म्हनजे त्याचं ते पितळी ट्रंपेट, तोंडापासून काढून मांडीवर ठेवायचा, डोळे मिटायचा आनि नुसता बसून ऱ्हायचा. पायातला बूट तेवडा खालवर व्हायचा, पडवीच्या फरशीवर टक, टक. नवीन मानसाला वाटायचं म्हातारा दमला. कोन बोलायचं, विसरला वाटतं. कोन उठून चालू पडायचं. ते फाटकाशी पोचलं असेल नसेल तवर हा बाजा उचलायचा आनि जिथं यायला पायजे तिथं बरोबर परत यायचा.

आनि गानं येकच. दुसरी त्याला पुष्कळ येत होती, पन घरी येकच. उनं उतरली, पोफळींच्या सावल्या कुंपनावर आल्या, का त्याची पडवी सुरू. मधी मेंदीचं कुंपन, अल्याड माझी पडवी. मी वाल सोलत बसायचे न्हायतर सुपारी फोडत. ते गानं मी किती ऐकलं असेल. माझ्या नवऱ्याचा आवाज मी जेवडा ऐकला त्यापेक्षा नक्कीच जास्त.

ती मधली गप्प जागा मानूची होती. मानू म्हनजे त्याचा धाकटा भाऊ, लांब कॅनडात. तोंडातले दात शाबूत हायत तवर मानूनं येकदा आपल्या जागेवर येऊन वाजवावं, येवडंच इनासभाऊला पायजे होतं. दुसरं काय मागताना मी त्याला बघितला न्हाय.

तो उंच, वाळलेला, पोफळीसारखा सरळ. दिवसभर अनवानी. वाडीत अनवानी, बाजारात अनवानी, मासळीला जाताना पन अनवानी. फक्त वाजवायला बसला का काळे बूट घालायचा, पुसून, नाड्या बांधून. मी येकदा विचारलं, भाऊ, जगाचं उलटं कसं तुमचं, बाहेर अनवानी आनि घरात बूट. तो बोलला, "वैनी, अनवानी पायाचा आवाज होत न्हाय. पाय ऐकू आला पायजे. तोंड चुकतं, पाय चुकत न्हाय."

ओठांना सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोळायचा. वाजवायच्या आधी तिखट खायाचा न्हाय. माझ्याकडनं करवंट्या न्यायचा, त्यातली चांगली गुळगुळीत निवडून घासून ठेवायचा आनि बाज्याच्या तोंडावर धरायचा, मंग आवाज असा यायचा जसा कोन रडून झाल्यावर बोलतंय. मी नारळ फोडला का तो कुंपनावरनं विचारायचा, करवंटी कशी फुटली. सरळ फुटली असेल तर खूश. खोबऱ्याचं त्याला काय पडलेलं नसायचं.

त्याचा बाप कोर्लईकडचा. इथं नागावात वाडी घेऊन ऱ्हायला. आमच्या वाडीला लागून. दोन्ही पोरं लहानपनीच मुंबईला मामाकडं गेली. तिथं कोन म्हातारा बाजावाला होता, त्यानं इनासला बाजा शिकवला. मानू पियानोवर बसला. मोठ्या हॉटेलात पार्टीवाले नाचतात, तिथं वाजवायचे दोघं भाऊ. आनखी दोघंतिघं होते, ते सगळे गेले आता. मंग हॉटेलांनी ती बँडं बंद केली, आनि इनासभाऊ बापाच्या वाडीत परत आला. लग्न केलं न्हाय. का ते मी विचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय.

माझा नवरा धर्मा आनि तो बरोबरीचे. म्हनून मी वैनी.

धर्मा ट्रेलर चालवायचा. न्हावा शेव्याचं बंदर नवीन झालं, तवा आमच्याकडचे पुष्कळ बापे गाड्यांवर गेले. येकदा घाट उतरताना त्याची गाडी गेली. आनला तवा मला तोंड पन दाखवलं न्हाय. पोरगी शाळेत जायाची, पोरगा मांडीवर. जास्त सांगत न्हाय, बायांच्या कपाळी असतं ते माझ्या कपाळी होतं. पन त्या दिवसांतली येक गोष्ट सांगते, म्हनजे इनासभाऊ कसा ते कळेल.

आमच्यात विहीर येक आनि वाड्या तीन. आमची, माझ्या मोठ्या दिराची आनि इनासभाऊची. पानी पाटानं जातं, म्हनून पाळ्या लावलेल्या. ज्याची पाळी त्यानं खोरं घेऊन यायचं, पाट आपल्या झाडांकडं वळवायचा. दुसऱ्याच्या पाळीत पाटाला हात लावायचा न्हाय. त्याचा उशीर झाला, तो आजारी पडला, तरी न्हाय. ही बापजाद्यापासूनची रीत.

मी सुतकात घरात पडलेली. माझी पाळी आली. दिरानं पंप चालू केला आनि खोरं घेऊन निघाला, माझं पानी आपल्या वाडीत घ्यायला. बोलला, ती कुठं येते आता. बघतो तर पाटाच्या तोंडाशी इनासभाऊ बसलेला. बूट घालून. दिरानं त्याला पुष्कळ सुनावलं. आमच्या घरातलं हाय, तू कोन मधी पडनारा, तुझं देऊळ वेगळं आमचं वेगळं. इनासभाऊनं त्याला येवडंच सांगितलं, "आता वैनीची पाळी हाय."

पानी खाली मोकळ्या जागेत गेलं, वाळूत जिरलं. दीर गावभर सांगत फिरला का बाजावाला येडा झाला, पानी फुकट घालवतो. दर पाळीला तो तसाच येऊन बसायचा. मी सुतक फिटल्यावर खोरं घेऊन गेले, तवा तो उठला, जागा दिली आनि घरी गेला. मी त्या दिवशी पाट वळवला आनि झाडाच्या आळ्यात पानी शिरताना बघत उभी ऱ्हायले. तवा मला पयल्यांदा वाटलं का मी ह्या वाडीत ऱ्हाऊ शकते.

पुढं कधीतरी मी त्याला बोलले, भाऊ, बसलाच होता तर माझ्या झाडांना पानी सोडायचं होतं, पोफळी माना टाकत होत्या. तो बोलला, "मंग ती माझी पाळी झाली असती."

गान्याचं मी त्याला कितीतरी वर्षांनी विचारलं. पोरगी लग्नाची झाली होती. गौरीसाठी वाल भिजवले होते, मी परात घेऊन त्याच्याच पडवीत बसले होते सोलत. मी बोलले, भाऊ, हे गानं सारखं सारखं वाजवता, पन हे रडवतं का हसवतं तेच मला कळत न्हाय.

त्यानं मला हाताला धरून घरात नेलं न्हाय येवडंच. बोटानं दाखवत सांगितलं. बोलला, हे गानं म्हनजे चार खोल्यांचं घर. पयली खोली अंधारी. दुसरी पन तशीच, तेच सामान, तीच जागा. तिसरी समुद्राकडची. तिला खिडकी हाय, तिथं ऊन येतं. आनि चौथी परत पयलीसारखी.

मी बोलले, मंग चौथी कशाला, पयली झालीच की.

"चौथीत तू उन्हातनं आलेली असतेस," तो बोलला. "म्हनून तिथं जास्त अंधार दिसतो."

मंग बाजा घेतला आनि येकेक खोली वाजवून दाखवली. खरंच तिसरीला ऊन आलं. माझ्या हातातला वाल हातातच ऱ्हायला. तवापासनं मला ते गानं कळायला लागलं. नुसतं कळलं न्हाय, दिसायला लागलं. तिसरी खोली आली का इनासभाऊची हनुवटी वर जायची, कोन खिडकीतनं बाहेर बघतं तशी.

बोलला, ह्या गान्याचा येक सूर खाली बसलेला असतो, म्हनून ते कलतं. मला त्यातलं समजत न्हाय. माझ्याकडं येक पातेलं होतं, येका अंगानं चेपलेलं. भात त्यात चांगला व्हायचा पन पानी कायम येका बाजूला कललेलं. तसंच असनार.

ते गानं आलं कुठनं ते पन त्यानं सांगितलं. अमेरिकेत कुनीतरी ते नाटकासाठी बनवलं. नाटक पडलं. लोक आलेच न्हायत. नाटकवाले आपापल्या घरी गेले आनि गानं तिथंच ऱ्हायलं, पोरकं. मंग खानावळीत वाजवनाऱ्या कुनीतरी ते उचललं. त्यानं सावकाश केलं. दुसऱ्यानं पळवलं. तिसऱ्यानं शब्दच काढून टाकले. कुनाची बायको मेली त्यानं येकदा असं वाजवलं का तिथनं पुढं सगळे तसंच वाजवायला लागले. आगबोटीवर बाजावाले असायचे, त्यांच्याबरोबर ते मुंबईच्या धक्क्याला उतरलं. तिकडचा येक काळा मानूस मुंबईच्या हॉटेलात वाजवायचा, त्याच्याकडनं ह्याच्या मास्तरानं घेतलं, मास्तराकडनं ह्यानं. कागदावर न्हाय, कानानं. प्रत्येकानं वाटेत थोडं बदललेलं.

मी विचारलं, मंग ते हाय कुनाचं?

बोलला, ज्याच्या पाळीत हाय त्याचं.

शब्द काय होते ते सांगायला तो तयार नव्हता. मी दोनतीनदा विचारलं तवा बोलला, येक बाई हाय. ती बोलते, मी तुझी वाट बघत न्हाय, दार उघडं हाय ते वाऱ्यासाठी. बस, येवडंच परत परत बोलते.

मी वाल सोलले. असं बोलनाऱ्या बाया मला ठाऊक हायत.

माझ्या पोरीच्या हळदीला खालू बाजावाले आले होते तळा गावाकडनं. सनई, ढोल, सगळं. ते च्याला थांबले तवा कुनीतरी इनासभाऊला बोललं, तुमी वाजवा. त्याला घरचं गानं सोडून काय सुचलं न्हाय. पयली खोली झाली तशी बायांचे पदर डोळ्याला लागले. माझी चुलतसासू मला बोलली, "अगं, हळद हाय का दहावा?" त्यानं ते ऐकलं. दुसऱ्या खोलीत त्यानं पाय बदलला. तेच गानं, तेच सूर, पन पाय पळायला लागला. ढोलवाल्या म्हाताऱ्यानं च्या तसाच खाली ठेवला आनि ढोल उचलला. मंग सनई घुसली. ज्या बाया रडत होत्या त्याच नाचायला लागल्या, चुलतसासू पन. मी तवा बघितलं, इनासभाऊनं आपलं झालं का बाजा खाली घेतला, सनईवाल्याकडं मान हलवली आनि गप्प उभा ऱ्हायला. सनईवाल्यानं आपलं वाजवलं, मंग ढोलवाल्यानं. कुनी कुनाला सांगितलं न्हाय. त्यांच्यात तशीच रीत असनार.

त्या दिवशी मला कळलं का पडवीत तो थांबतो ते दमून न्हाय. कुनाची तरी पाळी सोडतो. मांडव उतरवला, पोरगी सासरी गेली, घरातले पावने पांगले, तवा मी त्याला विचारलं, भाऊ, ती पाळी कुनाची?

बोलला, "मानूची."

मानूच्या गोष्टीतलं अर्धं मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. मी नवी नवरी होते तवा. इनासभाऊचा बाप सकाळी वाडीतच पडला आनि गेला. त्या वेळी गावात फोन येकाच घरी. तो लागता लागता रात्र झाली, तवा मुंबईला हॉटेलात कळवलं. आनि दुसऱ्या दिवशी सकाळी मानू येकटा आला, रेवसच्या लाँचनं. हॉटेलातला काळा कोट, पांढरा शर्ट, चकचकीत बूट रेतीनं भरलेले. आमी बाया बघत ऱ्हायलो. त्यानं बापाला कोर्लईला नेला, चर्चमागं पुरला. इनासची सकाळची लाँच चुकली, तो त्याच दिवशी संध्याकाळी पोचला, सगळं झाल्यावर. दोघं भाऊ ह्याच पडवीत उभे होते आनि मानू त्याला काय बोलला ते आमच्यापर्यंत ऐकू आलं न्हाय. मानू तसाच निघून गेला. परत ह्या घरात आला न्हाय.

ऱ्हायलेलं अर्धं इनासभाऊनं सांगितलं. फोन त्यालाच आला होता, मॅनेजरच्या टेबलावर. लोक नाचायला उभे होते. त्याच्या धंद्यात येक होतं, का लोक उभे असले का बँड थांबवायचं न्हाय, घरी कायपन होवो. त्यानं ठरवलं, सगळं संपू दे, मंग मानूला सांगतो. आनि जाऊन हे गानं सुरू केलं. बापासाठी केलं, असं त्याच्या मनात होतं. त्याचं वाजवून झालं, मानूची पाळी आली. मानू वाजवत होता, तवा पानी देनारा वेटर त्याच्या कानाशी वाकला आनि बापाचं ऐकून वाईट वाटलं असं बोलला. वेटरला वाटलं मानूला ठाऊक हाय.

मानूनं हात उचलले. पियानोचं झाकन लावलं आनि उठून गेला. तिसऱ्या खोलीच्या तोंडाशी.

"मी त्याची वाट बघितली," इनासभाऊ बोलला. "लोक नाचायचे थांबले. बाकीचे माझ्याकडं बघायला लागले. मी पाय चालू ठेवला. त्याची पाळी संपली तवा मी आत आलो आनि गानं पुरं केलं. ते मी करायला नको होतं. ते पन मानूनं ऐकलं, जिन्यावरनं."

मी बोलले, तुमी त्याला कळवा. बोलला, कळवून काय. त्याचा पत्ता मुंबईच्या मानसांना पन ठाऊक न्हाय. आनि पाळी मागायची नसते.

त्याचा वरचा पुढचा दात हलायला लागला. बाजा दातांवर टेकतो, मागं दात नसला तर ओठाला आधार न्हाय, मंग नुसती हवा. हे त्यानं मला समजावून सांगितलं, आनि करवंटी खाली ठेवून जिभेनं दात हलवून दाखवला, लहान पोरासारखा. अलिबागचा दाताचा डॉक्टर बोलला, येकट्या दाताचं न्हाय, सगळी पुढची ओळ गेली, हिरड्यांत पू हाय, काढायला पायजे. हा बोलला, बघू. मंग तोंड सुजायचं, ताप यायचा, मी मिठाच्या गरम पान्याचा तांब्या कुंपनावरनं द्यायची. तो गुळन्या करायचा आनि संध्याकाळी बूट घालून बसायचा. आता वाजवताना कधी कधी पांढऱ्या रुमालाला रक्त लागायचं. मी बोलले, काढून टाका. तो बोलला, "अजून थोडं थांबतो." कशासाठी ते मला ठाऊक होतं, म्हनून परत बोलले न्हाय.

आमच्या गावात आता घराघरात पावने. वाडीत खोल्या बांधल्या, समुद्रावर त्या पळत्या बोटी, शनवार-रविवार गोंगाट. आमच्या पलीकडं सचिनचं तसं हाय, खोल्या भाड्यानं देतो. पोरगा वाईट न्हाय, पन चुळबुळा. तो इनासभाऊला बोलला, बाबा, माझ्या पावन्यांसमोर वाजवा. इनासभाऊ गेला. बूट, इस्त्रीचा शर्ट. मी पन गेले, मागं नारळाला टेकून बसले.

पयलं वाजवलं तवा पावने गप्प झाले. मंग मानूची पाळी आली, ह्यानं बाजा मांडीवर घेतला, डोळे मिटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपलं वाटलं. मंग पाय चालूच, टक, टक, तवा कोन कोन हसले. पोरं मोबाईल काढून शूटिंग करायला लागली. येकानं सचिनला सांगितलं, अरे, अंकल झोपले. जेवनाची घंटा झाली, माशाचा वास सुटलेला, सगळे उठून पानावर गेले. कुनीतरी मोठ्यानं दुसरंच गानं लावलं. इनासभाऊ त्या गोंगाटात आपल्या जागेवर आत आला आनि शेवटपर्यंत वाजवलं. ऐकायला मी आनि सचिनचा कुत्रा.

येताना मला वाईट वाटत होतं. तो बोलला, "त्यात काय, वैनी. ते त्यांच्या भुकेला उठले."

ती शूटिंग सचिननं मोबाईलवर टाकली. लोकांनी खूप बघितली. माझ्या नातीनं मला दाखवली, खाली लोकांनी काय काय लिहिलेलं, बाबा गानं विसरले, बाबांना चार्जिंगला लावा. मी तिला बोलले, बंद कर ते. इनासभाऊला कुनी दाखवली न्हाय. तेवडी तरी लाज होती.

पुढं त्याला येवडा ताप चढला का सचिननंच गाडीत घालून अलिबागला नेला. डॉक्टरनं विचारलं न्हाय, काढूनच टाकले. घरी आला तवा गाल आत गेलेले, दुसराच मानूस. बरं वाटल्यावर येकदा त्यानं बाजा तोंडाला लावला. मी कुंपनाशी होते. नुसती हवा आली, केवड्याच्या रानातनं वारा येतो तशी. त्यानं बाजा पुसला, पेटीत न ठेवता मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी उनं उतरली आनि मला बुटाचा आवाज आला. टक, टक. मी वाल सोडून बघायला उठले. बाजा मांडीवर, डोळे मिटलेले. तो सगळं गानं गप्प वाजवत होता. आधी मानूची पाळी गप्प असायची, आता त्याची पन. मी परत बसले. थोड्या वेळानं बघितलं तर हनुवटी वर. तिसरी खोली.

असे कितीतरी दिवस गेले. लोकांना वाटलं बाजावाल्यानं बाजा सोडला. मला रोज ऐकू यायचं.

मंग येका संध्याकाळी सचिन मोबाईल घेऊन पळत आला. बोलला, बाबा, कॅनडातनं फोन हाय, ती शूटिंग बघून कुनीतरी माझा नंबर काढला. मी हातातलं टाकून कुंपनाच्या फटीतनं तिकडं गेले. मोबाईलात येक तरनी पोरगी, इंग्लिश बोलत होती. ती बाजूला झाली. मागं येक टकला म्हातारा खुर्चीत. त्याच्या खिडकीबाहेर सगळं पांढरं, बर्फ असनार. तिकडं सकाळ होती.

दोघं येकमेकाला बघत ऱ्हायले.

मानू बोलला, "दात कुठं गेले तुझे?"

इनासभाऊ बोलला, "तुझी वाट बघून गेले."

मानूला हसू आलं, मंग ते गेलं. बोलला, नातीनं मला दाखवलं, बघा तुमच्या गावचा म्हातारा मधीच झोपतो. मी बघितलं तू झोपला न्हायस. तुझा पाय बघितला.

"तुझी पाळी होती."

मानू खाली बघत होता. मंग बोलला, "बापाचं मला सांगायला पायजे होतंस, इनास."

"व्हय. सांगायला पायजे होतं."

दुसरं काय त्यानं जोडलं न्हाय. धंद्याची रीत न्हाय, लोक उभे होते ते न्हाय. मी बाजूला उभी होते, मला वाटलं आता सांगेल, बापासाठीच वाजवत होतो म्हनून. ते पन न्हाय.

मानूनं पोरीला हातानं काय तरी दाखवलं. तिनं मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवला, आनि दिसलं का त्याच्या बाजूला पियानो हाय. तो सरकून त्याच्याकडं वळला. तवा इनासभाऊ मला हळूच बोलला, "वैनी, बूट."

मी आतनं बूट आनले. नाड्या मीच बांधल्या. बाजा त्याच्या मांडीवर दिला.

मानूनं सुरवातीपासनं सुरू केलं न्हाय. जिथनं उठून गेला होता तिथनं सुरू केलं, तिसऱ्या खोलीच्या तोंडाशी. त्याची बोटं जड झालेली, काही जागा लागल्या, काही सुटल्या. पन ऊन आलं. त्या येवड्याशा मोबाईलातनं आमच्या पडवीत ऊन आलं. मंग चौथी खोली. आनि त्याची पाळी संपली. त्यानं हात उचलले आनि आपल्या गुडघ्यांवर ठेवले.

आता इनासभाऊनं आत यायचं. बाजा मांडीवरच. बूट सुरू झाला, टक, टक.

काय ऐकू येईना तसा सचिन पुढं आला, बोलला, नेटवर्क गेलं वाटतं, आनि मोबाईल उचलायला लागला. तिकडनं ती पोरगी पन हॅलो, हॅलो करायला लागली. मानूनं मान वळवली न्हाय. बसल्या जागेवरनं आपल्या गावच्या बोलीत बोलला, "कुनी हात लावू नका. आता इनासची पाळी हाय."

सचिन जागच्या जागी थांबला. पोरीला बोली कळली नसेल, पन ती पन गप्प झाली. इकडं बूट वाजत ऱ्हायला, आनि तिकडं तो म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून बसला. पयली खोली. दुसरी. मी दोघांकडं बघत होते. तिसरी आली तशी ह्याची हनुवटी वर गेली, आनि थोड्या उशिरानं, फोनवर सगळं उशिरानंच पोचतं, त्याची पन. मंग चौथी. बूट थांबला.

मानूनं डोळे उघडले. मंग मानू बोलला, "तिसऱ्या खोलीत घाई करतोस. पयल्यापासनं करतोस."

इनासभाऊ बिनदातांचा हसला. त्याला तसं हसताना मी तवाच बघितला.

मानूचे त्यानंतर येकदोन फोन आले. मंग येक फोन त्या पोरीचा आला. सचिननं तो घेतला आनि मोबाईल खिशात ठेवून पडवीत येऊन उभा ऱ्हायला. त्याला सांगता येईना. इनासभाऊनंच विचारलं, "मानू का?" सचिननं मान हलवली. इनासभाऊ बोलला, बरं झालं लगेच सांगितलंस.

पुढच्या उन्हाळ्यात तो विहिरीपाशी पडला, कंबर गेली. येकट्याचं निभेना. मी करत होते, पन मला पन सत्तरी उलटून गेलेली, उचलायला ताकद पायजे. वसईकडं त्याच्या नात्यातली येक बाई होती, तिनं तिथल्या चर्चच्या सिस्टरांकडं म्हाताऱ्यांच्या घरात जागा बघितली. इनासभाऊ नको बोलला न्हाय, व्हय पन बोलला न्हाय. त्यानं वाडीतनं फिरवून आना सांगितलं. मी आनि सचिननं खुर्चीत घालून फिरवलं. पाटाच्या तोंडाशी थांबायला सांगितलं, बघितलं, चला बोलला.

निघायच्या दिवशी मिनिडोअर, म्हनजे ती मोठी रिक्षा, बोलावली होती. ती बाई पुढं बसली. त्याला मागच्या बाकड्यावर बसवला, तोंड रस्त्याकडं, म्हनजे माझ्याकडं. बाज्याची पेटी बाजूला. पायात बूट होते, सकाळीच मला घालायला लावलेले. मी करवंटी आनली होती, घासून गुळगुळीत केलेली. तिचा उपयोग न्हाय ते दोघांना ठाऊक होतं. त्यानं ती घेतली, शर्टाच्या आत ठेवली.

बोलला, "वैनी, पानी बघ."

मी बोलले, बघते.

गाडी निघाली. रस्ता सरळ, सुरूच्या झाडांपर्यंत. त्याचा पाय मिनिडोअरच्या पत्र्यावर होता. गाडीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पन दिसत होता, खालवर, खालवर. मी मधी रस्त्यात उभी ऱ्हायले. पयली खोली गेली, दुसरी गेली. सुरूंपाशी गाडी वळायला लागली तवा त्याची हनुवटी वर झाली. आनि झाडं मधी आली.

मी लगेच घरी गेले न्हाय. चौथी खोली पुरी होईस्तवर तिथंच उभी ऱ्हायले. मंग खोरं घेतलं आनि विहिरीवर गेले. त्या दिवशी इनासभाऊची पाळी होती. मी पाटाच्या तोंडाशी बसून घेतलं.